मोबाईलवर अश्लील व्हिडिओ पाहणं गुन्हा कधी ठरतं? थोडी पार्श्वभूमी

नागपूरच्या बर्डीवर असल्या सीडी मिळायच्या, सायबर कॅफेत पार्टिशनमागे पोट्टे तासाचे पैसे मोजून बसायचे, तो जमाना सगळ्यांना माहीत आहे, त्यात जात नाही. तेव्हाचा कायदा मुळात विकणाऱ्याच्या मागे होता. जुन्या दंड संहितेचं २९२ कलम घ्या किंवा आताच्या न्याय संहितेचं २९४, दोन्ही विक्री, वाटप, प्रदर्शन आणि विकायला बाळगणं यावर बोलतात. २००० चा आयटी कायदाही तसाच, ६७ कलमात टाकणारा आणि पाठवणारा धरला जातो. २००९ मध्ये दुरुस्ती लागू झाली तेव्हा मात्र ६७-बी आलं आणि लहान मुलांच्या अश्लील सामग्रीबाबत नुसतं शोधणं, ब्राउझ करणं, डाउनलोड करणंसुद्धा गुन्ह्यात बसलं, पहिल्यांदाच सापडला तरी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड. हे कलम इतकी वर्षं पुस्तकात आहे आणि अजूनही चार जणांत विचारलं तर तिघांना पत्ता नसतो.

त्याउलट गाजावाजा झाला तो साइट बंदीचा. जुलै २०१५ च्या शेवटी सरकारने एका झटक्यात ८५७ साइट बंद करायला सांगितल्या, ओरड झाली, चार-पाच दिवसांत माघार घेतली. मग २०१६ ला स्वस्त डेटा आला, आणि २०१८ मध्ये एका हायकोर्टाच्या आदेशानंतर पुन्हा ८२७ साइट ब्लॉक. साइट बंद म्हणजे पाहणारा गुन्हेगार असं लोकांच्या डोक्यात तेव्हापासून बसलं, ते खरं नाही. मोठ्या माणसाने मोठ्यांचं, संमतीने बनलेलं काही स्वतःच्या खोलीत पाहिलं तर त्यावर थेट कलम नाही, २०२३ मध्ये केरळच्या कोर्टाने रस्त्याच्या कडेला मोबाईलवर पाहणाऱ्या एकाची २९२ खालची केस याच कारणाने रद्द केली.

आता खरा गुंता. चेन्नईच्या एका २८ वर्षांच्या तरुणाच्या फोनमध्ये लहान मुलांचे दोन अश्लील व्हिडिओ निघाले, त्याने ते कोणाला पाठवले नव्हते, म्हणून जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या हायकोर्टाने केस रद्द केली, वर असंही सांगितलं की या पिढीला शिक्षेपेक्षा समज द्यायला हवी. ऐकायला बरं वाटतं, पण ६७-बी मध्ये 'डाउनलोड' हा शब्द स्पष्ट छापलेला असताना हे कसं काय झालं, मला आजही कळत नाही. २३ सप्टेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. पोक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याचं, १५ कलम २०१९ मध्ये बदललं, त्यात तीन वेगळे गुन्हे आहेत असं कोर्टाने धरलं: पुढे पाठवायच्या इराद्याने न मिटवता किंवा न कळवता ठेवणं (किमान ५,००० दंड), प्रसारासाठी बाळगणं, आणि धंद्यासाठी बाळगणं. पहिल्यात प्रत्यक्ष पाठवलेलं दाखवायची गरज नाही, इरादा परिस्थितीवरून काढता येतो. आणि पुढची गोष्ट जास्त टोचणारी, फाईल फोनमध्ये उतरलेलीच पाहिजे असं नाही, ऑनलाइन चालू व्हिडिओवर तुमचा ताबा असेल तर तेही बाळगणंच. कोणी न मागता लिंक पाठवली, तुम्ही अजाणता उघडली आणि लगेच बंद केली, तर ताबा राहत नाही, पण नुसतं बंद करून सुटका नाही, पोलिसांना कळवावं लागतं. आता खरं सांगा, आपल्याकडे असं कळवायला ठाण्यात जाणार कोण बाप्पा? 'चाइल्ड पॉर्न' हा शब्द कोर्टात वापरू नका, हे मुलांचं शोषण आहे, हेही त्याच निकालात आहे, आणि ते बरोबरच आहे.

व्हॉट्सॲप ग्रुपवाल्यांसाठी मुंबई हायकोर्टाच्या आपल्याच नागपूर खंडपीठाचा मार्च २०२१ चा निकाल कामाचा आहे. गोंदियाकडची केस, सदस्याने ग्रुपमधल्या बाईबद्दल घाण लिहिलं आणि ॲडमिनलाही आरोपी केलं होतं, कोर्ट म्हणालं की आधीपासून संगनमत नसेल तर दुसऱ्याच्या पोस्टसाठी ॲडमिन जबाबदार नाही. पण याचा अर्थ फॉरवर्ड करणारा मोकळा असा होत नाही. मोठ्यांची क्लिप पुढे ढकलली तरी आयटी कायद्याचं ६७-ए लागतं, पहिल्या वेळी ५ वर्षांपर्यंत. शिवाय ग्रुपवर पडलेलं कित्येकांच्या गॅलरीत आपोआप उतरतं, ते वेगळंच.

या अर्धवट भीतीवरच ठगांचं पोट चालतं. मधेच स्क्रीन फुल होते, वर अशोकस्तंभ, खाली 'तुमचा कॉम्प्युटर लॉक केला आहे', दंड भरा म्हणून कार्डचे रकाने, आणि माणूस घाबरून कार्ड नंबर टाकतो. खरं तर नंबर न टाकता ब्राउझर बंद केला की सगळं संपतं. दुसरा प्रकार व्हिडिओ कॉलचा, रेकॉर्डिंग नातेवाइकांना पाठवतो म्हणून धमकी, एकदा पैसे दिले की पुन्हा मागणी. तक्रारीला १९३० ही सायबर हेल्पलाइन आहे, पण लाजेपायी लोक फोनच करत नाहीत.

सवयीचं म्हणाल तर २०२२ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय आजार-यादीत सक्तीच्या लैंगिक वर्तनाचं निदान आहे, ते व्यसनांच्या गटात नाही, आवेग न आवरण्याच्या गटात आहे, आणि फक्त पाप वाटतं म्हणून होणारा त्रास निदानाला पुरत नाही. संसाराच्या बाजूने मार्च २०२५ मध्ये मद्रास हायकोर्टाच्या मदुराई खंडपीठाचा निकाल आला: बायको एकटी पाहते एवढ्यावरून नवऱ्याला घटस्फोट नाही, मात्र जोडीदाराला जबरदस्तीने पाहायला लावलं तर ती क्रूरता.