माशाच्या तेलाची गोळी, ग्रीनलँड आणि पुणे

आमच्या मावशीच्या गोळ्यांच्या डब्यात एक पिवळी पारदर्शक कॅप्सूल असते, ओमेगा थ्री नावाच्या फॅटची. मावशी पक्की शाकाहारी, पण हार्टला चांगली म्हणतात म्हणून डोळे मिटून गिळते. या गोळीचं मूळ शोधत गेलं की माणूस थेट ग्रीनलँडला पोचतो.

१९७० साली बँग आणि डायरबर्ग हे दोन डॅनिश संशोधक तिथल्या उमानाक भागात गेले आणि १३० इन्युइट लोकांचं रक्त घेऊन आले (शाळेत आपण ज्यांना एस्किमो म्हणून शिकलो ते हे, त्यांचं स्वतःचं नाव इन्युइट). सील, व्हेल, मासे हेच जेवण, म्हणजे चरबीच चरबी, आणि तरी रक्तातलं कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबीच) डेन्मार्कवाल्यांपेक्षा कमी! पुढच्या फेऱ्यांमधे तर त्यांनी लोकांना सांगितलं की स्वतःला जेवढं वाढून घ्याल तेवढंच आमच्यासाठीपण बाजूला काढा, आणि ते सगळं लॅबमधे नेऊन तपासलं. इतकी चिकाटी. त्यातून समज पसरला की माशातल्या ओमेगा थ्रीमुळेच इन्युइटांना हार्ट अटॅक कमी येतात.

पण हार्ट अटॅक कमी आहेत हे मात्र त्यांनी स्वतः मोजलंच नव्हतं, ते घेतलं सरकारी नोंदींवरून, आणि लांबच्या वस्त्यांवर डॉक्टरच नाही तर माणूस कशाने गेला ते लिहिणार कोण? २०१४ मधे कॅनडातल्या फोडोर नावाच्या डॉक्टरांनी जुना डेटा परत चाळला तर हृदयविकार इन्युइटांमधे इतरांइतकाच निघाला, स्ट्रोक उलट जास्त. तोवर कॅप्सूल जगभर पोचलेली.

खरी गंमत २०१५ ला. रास्मुस निल्सन यांच्या टीमने ग्रीनलँडच्या इन्युइटांचे जीन तपासले. आपण खातो त्या फॅटपासून ओमेगा थ्री, ओमेगा सिक्सचे लांब साखळीचे प्रकार बनवायचं काम फॅड्स नावाचे जीन करतात. त्याच भागातला एक बदल जवळपास सगळ्या इन्युइटांमधे सापडला, युरोपियनांमधे फक्त २ टक्के. त्यांच्यात हे काम मंद चालतं, कारण तयार माल रोज ताटातच येतोय तर कारखाना कशाला पळवायचा? या बदलाने उंचीसुद्धा साधारण २ सेंटीमीटरने कमी होते.

आणि याच्या बरोब्बर उलटं कुठे सापडलं, तर पुण्यात! २०१६ च्या एका अभ्यासात पुण्याचे २३४ मुख्यतः शाकाहारी लोक होते, सोबत तुलनेला अमेरिकन. कारखाना जोरात पळवणारा जीनचा प्रकार दोन्ही पालकांकडून आलेले पुणेकर ६८ टक्के, अमेरिकन १८. पिढ्यानपिढ्या वरण-भाजी खाल्ली तर लांब साखळीचं फॅट शरीराला स्वतःच बनवावं लागणार ना. फक्त हाच कारखाना आपल्या करडई-सूर्यफुलाच्या तेलातल्या ओमेगा सिक्सवरपण तितक्याच जोरात चालतो आणि त्यातून ॲराकिडॉनिक ॲसिड बनतं, जे जास्त झालं की शरीरात सूज वाढू शकते.

मावशीला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, "म्हणजे ही गोळी माशाची आहे?"