घूमजावाची भूमिती

लाल चौकट, राखाडी काच, खाली दोन पांढऱ्या गोल खुंट्या. एक फिरवली की रेघ आडवी जाते, दुसरी फिरवली की उभी. काचेला आतून ॲल्युमिनियमची भुकटी चिकटलेली असते. आतली टोकदार कांडी ती खरवडते आणि तिथे काळी रेघ उमटते. खेळणं उलटं करून हलवलं की भुकटी परत काचेवर पसरते आणि चित्र गायब!

‘एच अ स्केच’ नावाचं हे खेळणं २१ मार्च २०१२ रोजी अमेरिकेच्या राजकारणात आलं. रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीत मिट रॉम्नी आघाडीवर होते. पक्षातल्या स्पर्धकांमुळे ते इतके उजवीकडे सरकले, तर पुढे मधल्या मतदारांचं काय, असं त्यांचे सल्लागार एरिक फर्नस्ट्रॉम यांना सीएनएनवर विचारलं गेलं. त्यांच्या उत्तराचा मथितार्थ असा: मुख्य प्रचारात सगळं नव्याने सुरू होतं, या खेळण्यासारखं हलवायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. झालं! रिक सँटोरम आणि न्यूट गिंग्रिच भर सभेत ते खेळणं हातात धरून दाखवू लागले.

फर्नस्ट्रॉम चुकीचं काहीच बोलले नव्हते. राज्यशास्त्राच्या वर्गात जे गणित शिकवतात तेच त्यांनी सांगितलं, फक्त कॅमेऱ्यासमोर.

ते गणित मुळात दुकानांचं. १९२९ साली हॅरॉल्ड हॉटेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने विचारलं: एक सरळ रस्ता, घरं सारख्या अंतरावर, दोन्ही दुकानांत माल तोच, भाव तोच. गिऱ्हाईक जवळच्या दुकानात जाणार. मग दुकानदार कुठे बसतील? एक जण टोकाला बसला, तर दुसरा त्याला खेटून, मध्याच्या बाजूला ठाण मांडतो आणि उरलेला सगळा रस्ता आपल्याकडे ओढतो. म्हणून दोघंही सरकत सरकत मधोमध येऊन बसतात. अमेरिकेतले दोन पक्ष एकसारखं का बोलतात, याचं उत्तरही यातच आहे, असं हॉटेलिंगनी त्याच लेखात जाता जाता सुचवलं. १९५७ मध्ये अँथनी डाउन्स यांनी ते निवडणुकांना रीतसर लावलं.

आता प्रायमरी. आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात. तिथे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला राज्याराज्यांत मतदान होतं, तीच प्रायमरी. म्हणजे एकाच रस्त्यावर दोनदा दुकान थाटायचं. डावं टोक ०, उजवं १०० धरा. सगळ्या मतदारांचा मध्य ५० वर, पण रिपब्लिकन प्रायमरीला येणाऱ्यांचा, समजा, ७५ वर. ७५ ला बसलात तर उमेदवारी, ५० ला बसलात तर व्हाइट हाउस. मधलं अंतर कोणाच्या नजरेत न भरता कापायचं, आणि नजर तर सगळ्यांचीच.

रॉम्नींची पंचाईत आणखी मोठी. त्यांचं पहिलं दुकान विरोधी डेमोक्रॅटांचा वरचष्मा असलेल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात होतं. १९९४ ला सिनेटसाठी आणि २००२ ला गव्हर्नरपदासाठी लढताना ते गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने बोलले. २००६ मध्ये आरोग्यविमा सक्तीचा करणारा राज्याचा कायदा त्यांच्याच सहीने झाला. राष्ट्रीय प्रायमरीत मात्र ते गर्भपाताच्या विरोधात होते आणि तशाच सक्तीचा ओबामांचा कायदा रद्द करू म्हणत होते.

मग मतदार हे चालवून कसं घेतात? २००४ च्या प्रचारात एमरी विद्यापीठाच्या ड्रू वेस्टन आणि सहकाऱ्यांनी ३० कट्टर समर्थक पुरुषांना एफएमआरआय यंत्रात (मेंदूचा कुठला भाग कामाला लागतो ते टिपणाऱ्या) झोपवलं; निम्मे रिपब्लिकन बुशचे, निम्मे डेमोक्रॅट केरींचे. पडद्यावर नेत्याचं एक विधान, मग त्याच्याशी न जुळणारं दुसरं काही. विरोधी नेत्याची विसंगती त्यांना लख्ख दिसे, आपल्याची धूसर. आपल्याची पाहताना थंड डोक्याच्या तर्काशी जोडला जाणारा मेंदूचा भाग फारसा हलला नाही, भावनांशी जोडलेले भाग मात्र कामाला लागले. अर्थात माणसं तीसच, आणि मेंदूचा अमुक भाग उजळला म्हणजे तमुक विचार चालू होता असं म्हणणं धाडसाचं, तेव्हा यावर फार भार टाकू नये.

मला स्वीडनचा प्रयोग जास्त आवडतो. त्यात यंत्र नाही, हातचलाखी आहे. २०१० च्या निवडणुकीआधी लुंड विद्यापीठाच्या लार्स हॉल, पेटर योहान्सन आणि सहकाऱ्यांनी डाव्या-उजव्या आघाड्यांत वाद असलेल्या मुद्द्यांवर लोकांकडून प्रश्नावली भरून घेतली. तिकडे संशोधकाने गुपचूप विरुद्ध बाजूची उत्तरं तयार केली आणि जादूगारासारखी मूळ उत्तरांच्या जागी चढवली. मग विचारायचं, असं का वाटतं तुम्हाला? बदललेल्या उत्तरांपैकी जास्तीत जास्त २२ टक्के पकडली गेली. यांना ना प्रायमरी जिंकायची होती, ना निवडून यायचं होतं. तरी थोड्या वेळापूर्वी ज्याच्या विरोधात खूण केली, त्याचीच बाजू ते मांडत होते. सगळ्या उत्तरांची बेरीज विरोधी आघाडीकडे झुकलेली दाखवली, तेव्हाही ९२ टक्क्यांनी ती आपलीच म्हणून मान्य केली, आणि ४८ टक्के आघाडी बदलण्याचा विचार करायला तयार झाले.