दोन्ही सर्व्हर जिवंत राहिले तर?

"दोन सर्व्हर घेतलेत, एक गेला तरी दुसरा आहेच," असं कुणी म्हणालं की मी विचारतो, दोन्ही जिवंत राहिले तर? समोरचा हसतो. पण जोडीतल्या स्टोरेज सर्व्हरचा सगळ्यात वाईट बिघाड हाच. डिस्क गेली तर लाल दिवा लागतो, नवी डिस्क घातली की काम भागतं. इथे मात्र दोन्हीकडे हिरवे दिवे असतात.

ओळखीच्या एका सुट्या भागांच्या व्यापाऱ्याकडे खंडेनवमीला सर्व्हरचं रॅक पुसून झेंडूचा हार घातला. दुसऱ्या दिवशी ११८ नंबरची दोन बिलं निघाली, दोन वेगळ्या गिऱ्हाइकांची. "पूजेत काही राहिलं का?" मालकांनी विचारलं. पूजेत काही राहिलं नव्हतं. पुसताना दोन सर्व्हरांमधली केबल ओढली गेली होती, आणि तिच्या टोकाची प्लास्टिकची क्लिप आधीच तुटलेली होती.

त्या केबलवरून दोन कामं चालत. मुख्य सर्व्हर 'अ'वर लिहिलेलं सगळं राखीव सर्व्हर 'ब'वर उतरत होतं, आणि दोघं एकमेकांना सतत 'मी आहे' असं कळवत होते. याला हार्टबीट म्हणतात. आता 'ब'च्या जागी बसून बघा. निरोप थांबले. 'अ' मेला, की केबल तुटली? दोन्हींत ऐकू येते ती शांतताच. पहिल्यात गप्प बसलं तर दुकान ठप्प, दुसऱ्यात ताबा घेतला तर दोन मालक. 'ब'ने ताबा घेतला, 'अ'चाच आयपी पत्ताही, म्हणजे नेटवर्कवरची ओळख, स्वतःला लावला. मग काउंटरचा संगणक 'अ'कडे लिहितोय, गोदामाचा 'ब'कडे. हाच स्प्लिट ब्रेन.

पोचपावती मागून हे सुटत नाही, कारण पावती पोचली याची पावती कोण देणार? बेभरवशाच्या तारेवरून दोघांचं पक्कं एकमत होऊच शकत नाही, हे १९७५ सालीच मांडलं गेलं. १९७८ मध्ये संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी त्याला दोन सेनापतींचं कोडं म्हटलं.

म्हणून उपाय जरा क्रूर आहे. 'अ' मेलाय की नाही हे कळत नाही ना? मग त्याला मारूनच ताबा घ्यायचा. 'ब' आधी 'अ'ची वीज तोडतो, तुटल्याची खात्री झाली तरच पुढे सरकतो. याला फेन्सिंग म्हणतात. गंमत अशी, की वीज तोडणारा छोटा कंट्रोलर बहुधा 'अ'च्याच मदरबोर्डावर असतो. 'अ'ची वीज खरोखरच गेली असेल तर तोही उत्तर देत नाही, आणि 'ब' खात्रीची वाट बघत बसतो! म्हणून वीज तोडणारी पट्टी वेगळी घ्यावी, शिवाय तिसरा साक्षीदार ठेवावा. त्याच्याकडे डेटा नको, ताबा कुणाकडे असावा एवढंच मत हवं. रास्पबेरी पायसारखा छोटा संगणकसुद्धा चालतो.

'झीरो डाउनटाइम', म्हणजे कधीच बंद न पडणारी सेवा, विकणाऱ्यांना २१ ऑक्टोबर २०१८ची आठवण द्यावी. प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या गिटहबचा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा संपर्क ४३ सेकंद तुटला, दोन किनाऱ्यांवरच्या डेटाबेसांत वेगवेगळ्या नोंदी झाल्या, आणि सेवा सुरळीत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली.

असं झालंच तर आधी रीस्टार्ट करू नका. दोन्ही सर्व्हर वापरकर्त्यांपासून तोडा, दोन्हींच्या प्रती काढा. दोन सर्व्हरांवरचा डेटा सारखा ठेवणारं डीआरबीडी हे सॉफ्टवेअर असेल तर ते 'स्टँडअलोन' (जोडीदाराशी संबंध तोडलेला) दाखवत थांबलेलं असतं. 'डिस्कार्ड माय डेटा' हा आदेश ज्याचा डेटा टाकायचाय त्याच सर्व्हरवर द्यायचा; घाईत उलटा दिला की चांगली प्रत पुसली जाते.

आम्ही 'अ' ठेवला. 'ब'वरची बिलं गोदामातल्या कागदी चलनांवरून रात्री दोनपर्यंत हातानं चढवली.