लहान मुलांचं ब्लड घ्यायला आम्ही येणार असू तर आधी एवढं वाचा

होम कलेक्शन बुक करताना जवळजवळ प्रत्येक आई फोनवर विचारते, "दुखेल का हो त्याला?" फोनवर नीट सांगायला वेळ मिळत नाही, सकाळी सात ते नऊ आमची नुसती धावपळ असते, म्हणून हे लिहून ठेवतोय.

हो, दुखतं. थोडंसं आणि काही सेकंदच, पण दुखतं. आणि हे मुलाला आधी सांगायचं असतं.

आमचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. नौपाड्यातली जुनी बिल्डिंग असो नाहीतर घोडबंदर रोडचा टॉवर, सीन सेम. बेल वाजते, आई दार उघडते आणि मुलाला म्हणते, "काही नाही रे सोन्या, काका फक्त वजन बघायला आलेत." मग आमचा टेक्निशियन बॅग उघडतो, त्यातून वजनकाटा काही निघत नाही, दंडाला बांधायचा पट्टा निघतो. पोरगं एकदा पट्ट्याकडे बघतं, एकदा आईकडे बघतं, आणि थेट बाथरूममध्ये जाऊन आतून कडी. दोन मिनिटांच्या कामाला पाऊण तास, आणि तिकडे कोलशेतला शुगरवाले आजोबा उपाशीपोटी आमच्या नावाने खडे फोडत बसलेले.

बरं, नुसता वेळ जातो असंही नाही. घाबरलेलं मूल अंग ताठ करतं, हात गार पडतात, शीर आत जाते, मग हात दाबून दाबून रक्त काढलं की रक्तपेशी फुटतात, पोटॅशियम उगाच जास्त येतं आणि सॅम्पल रिजेक्ट, म्हणजे परत टोचणं आलंच. शिवाय मूल हे सगळं लक्षात ठेवतं, पुढच्या वेळी ते सुई दिसायच्या आधीच रडायला लागतं. आणि प्लीज, जेवत नाही म्हणून "थांब, इंजेक्शनवाल्या काकांना बोलावते" असं एरवी म्हणू नका, आम्हाला बागुलबुवा करून ठेवलं की मग आम्ही कितीही गोड बोललो तरी उपयोग नसतो.

मग सांगायचं काय? तीन-चार वर्षांच्या मुलाला त्याच दिवशी सकाळी, मोठ्याला आदल्या दिवशी, साध्या शब्दांत. "हातातून थोडं रक्त घेणार, टोचल्यासारखं होईल, मग पटकन संपेल, मी तुला धरून बसेन." रडलास तरी चालेल हेही सांगा. "शूर मुलं रडत नाहीत" हे नको. त्याला काहीतरी ठरवू द्या, डावा हात की उजवा, बघायचं की मोबाईलवर कार्टून लावायचं. ब्लड घ्यायचं की नाही हे मात्र विचारू नका, तो नाहीच म्हणणार!

मूल मांडीवर बसलेलं हवं, आईच्या किंवा बाबांच्या. पलंगावर आडवं पाडून चौघांनी हातपाय धरले की ते जास्त घाबरतं.

सुन्न करायचं क्रीम (लिडोकेन-प्रिलोकेन, मेडिकलमध्ये प्रिलॉक्स म्हणून मिळतं) चांगलं काम करतं, पण त्याला तासभर लागतो, आणि वर पारदर्शक ड्रेसिंग चिकटवावं लागतं. बेल वाजल्यावर चोळलं तर ते नुसतं मॉइश्चरायझर. किती लावायचं ते वय-वजनावर असतं, म्हणून आपल्या मुलांच्या डॉक्टरांना विचारूनच लावा, तान्ह्या बाळाला तर नक्कीच. आधी क्रोसिन पाजून सुईचं दुखणं कमी होत नाही, तो त्रास घेऊ नका.

"एवढ्याशा बाळाला काय कळतंय" असं घरातली मोठी माणसं म्हणतात. त्यांचं काय घेऊन बसलात, 1980 च्या दशकापर्यंत परदेशात मोठमोठे डॉक्टरसुद्धा नवजात बाळांची ऑपरेशनं अगदी जुजबी भूल देऊन करायचे. इंदूरला शिकलेल्या डॉ. कंवलजीत आनंद यांनी 1987 मध्ये दाखवून दिलं की अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऑपरेशनच्या वेळी नीट वेदनाशामक दिलं तर शरीरावरचा ताण आणि नंतरची गुंतागुंत कमी होते. म्हणजे बाळाला कळतं. त्याला टोचायच्या आधीपासून अंगावर पाजायला घ्या आणि टोचताना चालू ठेवा, आम्हाला अजिबात अडचण होत नाही. आजी मध चाटवायला निघाल्या तर हात जोडून थांबवा, एक वर्षाच्या आत मध नाहीच.

आता आमच्याबद्दलच्या दोन तक्रारी. पाच वर्षांखालच्या मुलांना थोडा जास्त चार्ज का, तर आम्ही दोन माणसं पाठवतो, एक घेणारा आणि एक मुलाशी बोलणारा, बारीक सुईची बटरफ्लाय (धरायला दोन पंख असलेली सुई) वापरतो आणि छोटी ट्यूब, म्हणजे सीबीसीला (रक्तपेशी मोजायच्या टेस्टला) अर्ध्या एमएलमध्ये भागतं. आणि दोनदा टोचून मिळालं नाही तर आम्ही थांबतो, दुसऱ्या दिवशी फुकट परत येतो. "अजून एकदा ट्राय करा ना, ऑफिसला उशीर होतोय" म्हणून तिसऱ्यांदा टोचणार नाही, राग आला तरी चालेल.

उपाशी ठेवायचं का तेही बुकिंगच्या वेळीच विचारा, मुलांच्या बऱ्याच टेस्टना लागत नाही, उलट पाणी भरपूर प्यायलेलं असलं की शीर पटकन सापडते.

बुकिंग करताना व्हॉट्सअ‍ॅपवर मुलाचं वय, मागच्या वेळी काय झालं होतं आणि त्याला काय आवडतं ते टाका, क्रीम लावणार असाल तर आम्ही निघायच्या दीड तास आधी मेसेज करतो. आणि गेटवर वॉचमनला सांगून ठेवा की इंटरकॉमवर "ब्लडवाले आलेत" असं ओरडू नको म्हणून.