ईमेल खात्यांचे एकत्रीकरण

एका व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या नावावर असलेल्या दोन वा अधिक ईमेल खात्यांचा पत्रव्यवहार एकाच वेबमेल (ब्राउझरमधून उघडणाऱ्या मेल) सेवेत घेऊन तेथूनच तो वाचण्याच्या, जपण्याच्या आणि ज्या त्या पत्त्यावरून उत्तर देण्याच्या पद्धतीला ईमेल खात्यांचे एकत्रीकरण म्हणतात. रोजच्या बोलण्यात ‘सगळे मेल एकाच आयडीवर घेणे’ एवढेच म्हटले जाते. परंतु त्यात तीन निराळ्या क्रिया येतात. दुसऱ्या खात्यातील मेल आपल्या पेटीत आणणे ही पहिली, ते मेल जागेवरच ठेवून केवळ आपल्या पडद्यावर पाहणे ही दुसरी आणि त्या खात्याच्या नावाने मेल बाहेर पाठवणे ही तिसरी. पहिल्या दोन क्रिया बिघडल्या, तर मेल दिसत नाहीत म्हणून आपल्याला लवकर कळते. तिसरी बिघडली, तर ती समोरच्याला कळते, आपल्याला नाही. आणि नेमके तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

पार्श्वभूमी : ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात पन्नाशी गाठलेल्या नोकरदाराकडे चार-पाच मेल आयडी असणे नवलाचे नाही. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा मुंबई परिसरातील ग्राहकांच्या पत्त्यांत ‘जीआयएएसबीएम०१’ असे सर्व्हरचे नाव येत असे. तो पत्ता फोनवरून कोणाला सांगायचा म्हणजे दोनदा तरी स्पेलिंग करावे लागे. पुढे महानगर टेलिफोन निगमची इंटरनेट जोडणी आली (या निगमच्या मुंबई क्षेत्रात ठाणे आणि नवी मुंबईही येतात) आणि तिच्याबरोबर आणखी एक पत्ता मिळाला. हे पत्ते जोडणीला बांधलेले होते. जोडणी सोडली की पत्ताही सुटे.

सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी हॉटमेल सुरू केले, तेव्हा हे बंधन तुटले. ठाणे स्टेशनजवळच्या सायबर कॅफेतूनही तोच इनबॉक्स उघडता येऊ लागला. मुंबईच्या रेडिफची रेडिफमेल आणि १९९७ मध्ये आलेली याहू मेल यांच्यामुळे फुकट खाते काढणे इतके सोपे झाले, की पासवर्ड विसरला तर जुने खाते परत मिळवण्यापेक्षा नवे काढण्याकडे लोकांचा कल राहिला. मात्र या सेवांत जागा काही मेगाबाइट इतकीच मिळत असल्यामुळे एका खात्यातील मेल दुसऱ्यात आणून साठवणे अवघड होते. १ एप्रिल २००४ रोजी जीमेल १ गिगाबाइट जागेसह सुरू झाले आणि जुन्या पेट्या एका पेटीत रिकाम्या करण्यापुरती जागा प्रथमच सामान्य माणसाच्या हाती आली. एकत्रीकरणाची रीत त्यानंतरच्या काही वर्षांत रुळली, त्याचे एक कारण हेच आहे. दरम्यान ऐरोली, महापे आणि घणसोली येथील कार्यालयांत नोकरीला लागलेल्यांना कंपनीचे पत्ते मिळाले. पण ते पत्ते कंपनीच्या मालकीचे असतात, नोकरी सुटली की तेही जातात.

मेल आणण्याचे मार्ग : यांतील सर्वांत जुना मार्ग म्हणजे पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल, अर्थात पॉप. त्याचा पहिला मसुदा १९८४ मध्ये आणि तिसरी आवृत्ती १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. या तिसऱ्या आवृत्तीचा आज प्रमाण मानला जाणारा मसुदा १९९६ चा आहे. नावाप्रमाणेच यात टपाल कचेरीत जाऊन आपली पत्रे घेऊन येण्याची रीत आहे. वेबमेलचा सर्व्हर ठरावीक काळाने दुसऱ्या सर्व्हरवर तुमच्या नावाने लॉगिन करतो, प्रत्येक मेलला दिलेल्या खुणेवरून कोणते मेल आधी नेले आहेत हे ओळखतो आणि उरलेले उतरवून घेतो. मूळ ठिकाणी प्रत ठेवावी की पुसावी, हे सेटिंग करतानाच ठरवावे लागते आणि प्रत ठेवणेच शहाणपणाचे असते. या मार्गाचा मोठा दोष असा, की पॉपला फोल्डर ठाऊक नाहीत. बहुधा फक्त इनबॉक्स येतो; मूळ खात्याने चुकून स्पॅममध्ये टाकलेले मेल तिकडेच पडून राहतात. ‘मेल आलाच नाही’ अशा तक्रारीत सर्वप्रथम मूळ खात्याचे स्पॅम फोल्डर उघडून पाहावे. शिवाय फेरी किती वेळाने मारायची हे सेवा ठरवते, त्यामुळे दहा मिनिटांत बाद होणारा ओटीपी अशा खात्यावर मागवला, तर तो पोहोचेपर्यंत शिळा झालेला असतो.

दुसरा मार्ग आयमॅपचा. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात हा प्रोटोकॉल तयार केला. यात मेल मूळ सर्व्हरवरच राहतात आणि येथे केवळ त्यांचे प्रतिबिंब दिसते. एका ठिकाणी वाचलेला मेल दुसरीकडेही वाचलेला दिसतो, फोल्डर जसेच्या तसे दिसतात. फोनवरील मेल अॅपमध्ये दोन-तीन खाती जोडली जातात ती बहुतेक याच मार्गाने. गुगलने २०२५ मध्ये जाहीर केले, की संगणकावरील जीमेलमधून इतर खात्यांतील मेल पॉपने आणण्याची सोय आणि जीमेलिफाय ही इतर खाते जीमेलला जोडणारी सेवा २०२६ पासून मागे घेतली जाईल. ज्यांची सगळी घडी पॉपवर बसलेली होती, त्यांच्यापुढे त्यामुळे फॉरवर्डिंग, फोनवरील आयमॅप किंवा दुसरी वेबमेल सेवा हे पर्याय उरतात.

तिसरा मार्ग फॉरवर्डिंगचा. येथे मूळ सर्व्हर मेल आल्या क्षणी पुढे ढकलतो. विलंब नाही, दुसऱ्याकडे पासवर्ड ठेवणे नाही. म्हणून हा मार्ग सर्वांत सुटसुटीत वाटतो. अडचण येते ती पत्राच्या खरेपणाची पडताळणी करताना. एखाद्या डोमेनच्या (पत्त्यातील @ नंतरच्या नावाच्या) वतीने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, याची यादी त्या डोमेनच्या एसपीएफ नोंदीत असते. मधल्या सर्व्हरने पुढे पाठवलेला मेल पोहोचतो तेव्हा दारावर उभा असलेला सर्व्हर त्या यादीत नसतो, म्हणून ही परीक्षा नापास होते. पत्रावरील डीकेआयएम ही डिजिटल सही मजकुरात बदल झाला नसेल तर टिकते, आणि दोहोंपैकी एक परीक्षा पाठवणाऱ्याच्या डोमेनशी जुळून पास झाली तरी डीमार्क या एकत्रित पडताळणीला चालते. पण मधल्या सर्व्हरने विषयात ‘बाह्य’ असा शेरा जोडला किंवा तळाला सूचना चिकटवली, तर सहीही मोडू शकते. मग बँकेचे विवरणपत्र परत जाते किंवा स्पॅममध्ये पडते आणि दोष बँकेच्या माथी मारला जातो.

उत्तर कोणत्या नावाने जाते : वागळे इस्टेटमधील एखाद्या लहान कारखान्याचे उदाहरण घेऊ. मालकाने डोमेन घेतले, होस्टिंगवाल्याने सेल्स, अकाउंट्स आणि चौकशी अशा तीन पेट्या काढून दिल्या आणि त्या उघडायला राउंडक्यूब या वेबमेलचे पान दिले. मालक दिवसभर मशीनपाशी. तीन ठिकाणी लॉगिन करायला त्याला सवड नाही, म्हणून त्याने तिन्ही पेट्यांचे मेल स्वतःच्या जीमेलवर फॉरवर्ड केले. पंधरा दिवस सगळे सुरळीत चालले. मग रबाळ्याच्या एका ग्राहकाने कोटेशन मागितले. मालकाने चहा पिता पिता फोनवरून रिप्लाय दाबला आणि कोटेशन गेले ते कॉलेजात असताना टोपणनावाने काढलेल्या खासगी पत्त्यावरून. ग्राहकाच्या परचेस विभागाने हा पत्ता आपल्या व्हेंडर यादीत नाही म्हणून मेल बाजूला ठेवला. काही दिवसांनी खुलासा मागितला, तोही त्याच खासगी पत्त्यावर, कारण रिप्लाय जिथून आला तिथेच जातो. अकाउंट्सच्या पेटीत या साऱ्या व्यवहाराचा मागमूस नाही. मेल सगळे एकाच ठिकाणी आले होते, तरी पत्रव्यवहाराची साखळी तुटली होती.

हे टाळण्यासाठी वेबमेलमध्ये दुसरा पत्ता ‘पाठवणारा’ म्हणून नोंदवावा लागतो. तो पत्ता आपलाच आहे हे सिद्ध करण्यासाठी त्यावर एक कोड येतो. त्यानंतर बहुतेक सेवा मूळ डोमेनच्या एसएमटीपी (मेल बाहेर पाठवणाऱ्या) सर्व्हरचे नाव, पोर्ट (सहसा ५८७ किंवा ४६५) आणि पासवर्ड मागतात. हा तपशील भरायचा कंटाळा करू नये. मेल मूळ सर्व्हरमार्फत गेला, तरच वर सांगितलेल्या परीक्षांत तो उतरतो. आणि गुगल व याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून पाठवणाऱ्यांसाठीचे नियम कडक केल्यानंतर या परीक्षांना पूर्वीपेक्षा अधिक वजन आले आहे. शेवटची पायरी म्हणजे ‘ज्या पत्त्यावर मेल आला त्याच पत्त्यावरून उत्तर द्यावे’ हा पर्याय निवडणे. तो न निवडल्यास उत्तर मुख्य पत्त्यावरूनच जाण्याचा संभव असतो, आणि वरील मालकाच्या हातून घडले ते पुन्हा घडते. प्रत्येक पत्त्याची मेलच्या तळाशी येणारी नाव-पदाची सही वेगळी ठेवली, तर मेल पाठवण्यापूर्वी तळाची सही पाहूनच चूक लक्षात येते. हा उपाय साधा आहे, पण उपयोगी पडतो.

पासवर्ड आणि परवानगी : एका सेवेला दुसऱ्या खात्याचा पासवर्ड देणे ही पूर्वी सर्रास रीत होती. आता ओथ पद्धतीने मूळ सेवेच्याच पानावर लॉगिन करून परवानगी दिली जाते. पासवर्ड दुसऱ्या सेवेला कळत नाही आणि परवानगी केव्हाही काढून घेता येते. गुगलने ३० मे २०२२ पासून खासगी खात्यांसाठी निव्वळ नाव-पासवर्डाने शिरणाऱ्या बाहेरच्या अॅपना मज्जाव केला. मायक्रोसॉफ्टने आउटलुकच्या खासगी खात्यांसाठी तसेच पाऊल १६ सप्टेंबर २०२४ पासून उचलले. चालू असलेली जोडणी एके दिवशी अचानक ‘पासवर्ड चुकीचा’ म्हणू लागली, तर पासवर्ड बरोबर असूनही असे होण्याचे कारण पुष्कळदा हेच असते. जेथे ओथची सोय नाही, तेथे गुगल १६ अक्षरांचा स्वतंत्र अॅप पासवर्ड देते. त्यासाठी खात्यावर द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डाखेरीज दुसरी खातरजमा) सुरू असावी लागते.

एकत्रीकरणाने एका किल्लीने सगळी कुलुपे उघडतात, म्हणून मुख्य खात्यावर ही पडताळणी असणे अगत्याचे आहे. याहून दुर्लक्षित गोष्ट म्हणजे रिकव्हरीचा पत्ता, म्हणजे खाते परत मिळवण्याचा कोड जेथे येतो तो. पहिल्या खात्याला दुसरे आणि दुसऱ्याला पहिले अशी जोडी लावली, की दोन्ही एकदम बंद झाल्यास दोन्ही कोड एकमेकांच्या बंद दारामागे अडकतात.

सामाईक पत्ते : घोडबंदर रस्त्यावरील वा खारघरमधील सहकारी गृहनिर्माण संस्थांचा पत्ता हा या विषयातला सर्वांत नाजूक भाग आहे. संस्थेचा मेल आयडी सामान्यतः पहिल्या सचिवाने स्वतःचा मोबाइल क्रमांक देऊन काढलेला असतो. कमिटी बदलते, पासवर्ड एका चिठ्ठीवर पुढे जातो, नवे सचिव तो आयडी आपल्या वेबमेलला जोडून घेतात आणि दोन वर्षे काही अडत नाही. मग एखाद्या रात्री सेवा नवीन उपकरण दिसले म्हणून कोड मागते आणि तो कोड जातो पहिल्या सचिवांच्या मोबाइलवर. ते फ्लॅट विकून पुण्याला गेलेले असतात, आणि इकडे लिफ्टच्या देखभालीचा करार व लेखापरीक्षकाचे पत्र त्याच पेटीत असते. अशा पत्त्यासाठी पासवर्ड वाटण्यापेक्षा अधिकार सोपवण्याची सोय बरी. खासगी जीमेल खात्यात दहापर्यंत व्यक्तींना असा अधिकार देता येतो; त्यांना पासवर्ड लागत नाही आणि कार्यकाळ संपला की नाव काढता येते. मूळ खात्यावरील मोबाइल क्रमांक मात्र पदभार देतानाच बदलून घ्यावा. तो विषय सभेच्या इतिवृत्तात आला तर उत्तमच.

शासकीय पत्त्यांबाबत प्रश्न मुळातच मिटलेला आहे. केंद्र सरकारच्या २०१५ च्या ईमेल धोरणाने शासकीय खात्यातील मेल पॉप किंवा आयमॅप लावून बाहेरच्या खासगी सेवेत उतरवण्यास मनाई केली. खात्याचे नाव व पासवर्ड अशा सेवेला देणेही त्यात आले. हे धोरण केंद्राची मेल सेवा वापरणाऱ्या राज्य शासनांच्या कर्मचाऱ्यांनाही लागू करण्यात आले. त्यामुळे बेलापूरच्या कोकण भवनातील एखाद्या कर्मचाऱ्याने अशी शासकीय पेटी आपल्या जीमेलला जोडली, तर तो सोयीचा नव्हे, नियमभंगाचा विषय ठरतो. खासगी कंपन्यांच्या नियमांतही बहुधा असेच कलम असते, फक्त ते वाचलेले नसते.

मूळ खात्याची निगा : मेल दुसरीकडे येऊ लागले, की जुन्या खात्याकडे कोणी फिरकत नाही. परंतु ते खाते जिवंत असेपर्यंतच त्याचे मेल पुढे येतात. दोन वर्षे वापर न झालेली खासगी खाती काढून टाकण्याचे काम गुगलने डिसेंबर २०२३ पासून सुरू केले. याहूची मुदत बारा महिन्यांची आहे. जुन्या पत्त्यावर भविष्य निर्वाह निधी, विमा, आयकर किंवा डीमॅटची नोंद असेल, तर प्रथम तेथील पत्ता बदलावा, मगच खाते सोडावे. तोवर दर दोन-तीन महिन्यांनी मूळ ठिकाणी स्वतः लॉगिन करून स्पॅम फोल्डर आणि उरलेली जागा पाहावी. पेटी भरली, तर नवे मेल मूळ सर्व्हरच नाकारतो आणि ते येथवर पोहोचतच नाहीत.