प्रो प्लेअर एवढे व्हिडिओ का बनवतात, त्याची मागची गोष्ट

बीजीएमआय, म्हणजे पबजी मोबाईलचा भारतातला अवतार, त्याची कुठलीही मोठी टीम हरली की कुरकुर सुरू, ही पोरं सराव कमी करतात आणि स्ट्रीमवरच (लाइव्ह व्हिडिओवर) जास्त दिसतात. कुरकुर अगदीच खोटी नाही, पण ती सवय लागली कशी ते बघायला जरा मागं जावं लागेल.

सप्टेंबर 2016 ला जिओ आलं, डेटा पाण्यासारखा झाला, आणि मार्च 2018 ला पबजी मोबाईल. महागडा कॉम्प्युटर नको, हातातला फोन पुरे. तेव्हा डोंबिवली फास्टमध्ये चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेली पोरं खेळत असायची आणि पारसिकच्या बोगद्यात नेट गेलं की डबाभर शिव्या (त्यात माझ्याही). मार्च 2019 ला हैदराबादला 1 कोटीच्या बक्षिसांची फायनल झाली, आपल्या मुंबईच्या मॉर्टल या प्लेअरची सोल टीम जिंकली आणि 'फोन ठेव' म्हणणारे आईबाप 'यात खरंच पैसे मिळतात का रे?' विचारायला लागले.

मग 2 सप्टेंबर 2020. सरकारनं एका फटक्यात 118 ॲप बंद केले, त्यात पबजी. क्रिकेटरचा फॉर्म गेला तर तो नेटमध्ये घाम गाळतो, इथं पीचच उखडून नेलं, सराव कशाचा करणार? जुलै 2021 ला बीजीएमआय आलं, वर्षभर बरं चाललं, आणि 28 जुलै 2022 ला तेही स्टोअरवरून गायब, ते मे 2023 ला परत. म्हणजे दोनदा गेम गेला, दोन्ही वेळा साधारण 10 महिने.

यात तरले कोण, तर ज्यांचं यूट्यूब चॅनल होतं ते, दुसरे गेम खेळले, गप्पा मारल्या, प्रेक्षक धरून ठेवले. नुसता एम (नेम) भारी असलेला पोरगा पुस्तकं काढून परीक्षेला बसला. ऑर्गवाल्यांनी, म्हणजे टीम चालवणाऱ्यांनी, आणि स्पॉन्सरनी हे नीट बघितलं.

त्यामुळे आता नवी मुंबईतल्या बूटकॅम्पच्या (टीम एकत्र राहून सराव करते त्या) फ्लॅटवर दुपारी उठून स्क्रिम, म्हणजे दुसऱ्या टीमशी सराव सामने, मग रेकॉर्डिंग लावून चुका शोधणं, आणि मनगट ठणकत असलं तरी रात्री स्ट्रीम. बूटकॅम्प म्हणजे चैन वाटते लोकांना, पण वन रूम किचनमध्ये रात्री 1 ला 'रश कर रश कर' (चाल करून जा) ओरडून दाखवा.

ऑगस्ट 2025 च्या कायद्यात पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली, ई-स्पोर्ट्सला, म्हणजे गेमच्या स्पर्धांना, वेगळी मान्यता मिळाली. तरी माझ्या ओळखीतल्या एकाही पोरानं चॅनल बंद केलेलं नाही.