कॅज्युअल्टीतला ट्रायाज आणि ढिगाऱ्याशेजारचा ट्रायाज

दरड किंवा इमारत कोसळल्याच्या सरावात एक चूक हमखास दिसते. श्वास थांबलेला जखमी समोर आला की टीममधले दोघे गुडघे टेकून सीपीआर (छाती दाबून हृदय चालू करण्याचा प्रयत्न) सुरू करतात आणि बाकीचे जखमी तसेच पडून राहतात. हे करणारे नवखे नसतात. कॅज्युअल्टीत वर्षानुवर्षं काम केलेली मंडळी तिथली सवय इथे घेऊन येतात.

ट्रायाज म्हणजे कुणाला आधी बघायचं ते ठरवणं. कॅज्युअल्टीतला ट्रायाज तुम्हाला पाठ आहे: बीपी, ऑक्सिजन, ईसीजी आणि सर्वांत गंभीर रुग्ण सर्वांत आधी. हात आणि सामान पुरेसं असतं म्हणून तो नियम तिथे चालतो. लाल (लगेच उपचार), पिवळा (थोडं थांबू शकतो), हिरवा (किरकोळ जखमी) हे रंग दोन्हीकडे सारखेच असल्याने गोंधळ वाढतो.

मोठ्या दुर्घटनेत वापरायची स्टार्ट पद्धत १९८३ साली कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीच इथे तयार झाली. एका जखमीला जास्तीत जास्त एक मिनिट द्यायचं. आधी मोठ्याने सांगायचं, 'ज्यांना चालता येतंय त्यांनी त्या झाडाखाली जा.' चालत गेले ते हिरवे. उरलेल्यांचा श्वास, नाडी आणि शुद्ध, याच क्रमाने बघायची. श्वास मिनिटाला ३० च्या वर असेल तर लाल. १५ सेकंद मोजा. ८ किंवा जास्त आले की झालं, पूर्ण मिनिट मोजत बसू नका. श्वास ठीक, पण मनगटाची नाडी लागत नाही: लाल. नाडी आहे, पण 'माझा हात दाबा' म्हटल्यावर दाबत नाही: लाल. तिन्ही ठीक असेल तर पिवळा, मग मांडीचं हाड बाहेर आलेलं असलं तरी. आरडाओरडा आणि रक्त बघून रंग ठरवणं मला मुळीच मान्य नाही.

ठरलेल्या रंगाची पट्टी जखमीला बांधायची असते. खरी अडचण काळ्या पट्टीची. श्वास नसेल तर हनुवटी उचलून श्वासमार्ग मोकळा करायचा. श्वास आला तर लाल. नाही आला तर काळी पट्टी बांधून पुढच्या जखमीकडे. सीपीआर नाही. कॅज्युअल्टीत ज्याच्याकडे सगळे धावतात, तो इथे शेवटी जातो. यात निर्दयपणा नाही. जबर मार लागून श्वास आणि नाडी थांबलेला माणूस जागेवरच्या सीपीआरने वाचण्याची शक्यता फार थोडी, आणि त्या एकासाठी अडकलेले चार हात मोकळे असते, तर मांडीतून भळाभळा रक्त जाणाऱ्याला टूर्निकेट (रक्त थांबवायला आवळून बांधायचा पट्टा) लागला असता. ट्रायाज करणाऱ्याने दोनच उपचार करायचे: श्वासमार्ग मोकळा करणं आणि जोरात वाहणारं रक्त थांबवणं. स्टेथोस्कोप गळ्यात असला की हात तिकडे जातोच, म्हणून सरावात तो काढून ठेवायला लावा. काळी पट्टी म्हणजे मृत्यूचा दाखला नव्हे. जास्तीची टीम आली की तिथेही पुन्हा बघायचं.

दोन अपवाद पक्के लक्षात ठेवा. लहान मुलांचा श्वास आधी थांबतो, हृदय थोडा वेळ चालू राहतं. म्हणून स्टार्टच्याच मुलांसाठीच्या जंपस्टार्ट पद्धतीत श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास आला नाही, पण नाडी लागली, तर पाच श्वास देऊन बघतात. दुसरा अपवाद वीज पडल्याचा, आणि तो आपल्याकडे फार लागू पडतो. शेतात एकाच झाडाखाली पाच-सहा जण सापडले, तर श्वास आणि नाडी थांबलेल्यांकडे आधी जा, लगेच सीपीआर द्या. ज्यांचा श्वास चालू आहे ते बहुधा वाचतात.

पट्ट्यांच्या छपाईवर होणारा खर्च मला वाया गेल्यासारखा वाटतो. रंगीत कापडाची चिंधीही चालते. सरावाला लागतात ती कार्डं. वीस स्वयंसेवकांच्या गळ्यात श्वासाचा आकडा, नाडी आणि शुद्ध लिहिलेली कार्डं अडकवा. त्यात एक चालणारी आई आणि तिच्या कडेवर न रडणारं बाळ ठेवा. आई हिरव्यांत चालत जाते आणि बाळाला कुणीच तपासत नाही. झाडाखाली पोचल्यावर कडेवरची मुलं सर्वांत आधी, वेगळी तपासायची. मग रंग चुकवलेली कार्डं टीमसमोर मांडा आणि तोच सराव अंधारात, टॉर्चवर पुन्हा घ्या.